नकारांची कॅसेट

ता. ८ जानेवारी

चिरंजीव टिल्लूस, लांबूनच एक टपली.

सहा फूट उंच माणसाला टिल्लू म्हणताना माझं मलाच हसू येतं, पण जिभेची सवय जात नाही. तुझं पत्र मिळालं. एप्रिलच्या मध्यावर इंग्रजी ऐकण्याची परीक्षा. पास झालास तर कंपनी तुला परदेशातल्या कामावर पाठवणार, नापास झालास तर तुझ्या जागी दुसरा मेकॅनिक जाणार. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करता येते का, हे कोणी विचारतच नाही. तिथला साहेब तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो ते कळतं का, एवढंच बघायचं. असो. नियम त्यांचे, गरज आपली.

सोबत पहिली कॅसेट आहे. मी शिकवते त्या इंग्रजीच्या क्लासमधल्या मुलांच्या सरावासाठी मी आणि तुझ्या दाजींनी घरीच रेकॉर्ड केली. पुरुषाची वाक्यं ते वाचतात, बाईची मी. फोटोफ्रेमचं दुकान चालवणाऱ्या माणसाचे उच्चार इतके स्वच्छ कसे, असं आमच्या क्लासच्या मोठ्या बाईसुद्धा विचारतात. जन्मभर रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकल्याचं ते फळ. अर्थ विचारलास तर मात्र नुसते हसतील.

या कॅसेटमधले सगळे प्रश्न नकाराचे आहेत, कारण मुलं तिथंच आपटतात. आपण मराठीत 'नाही' अगदी शेवटी ठेवतो. 'मी काल त्याच्याकडे छत्री मागायला गेले' इथपर्यंत वाक्य आलं, तरी पुढे 'नाही' येतं की टिंब, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे आपले कान कायम वाक्याच्या शेपटीवर. इंग्रजीत नकार आधीच येऊन बसलेला असतो, आणि तोही वेष बदलून. हार्डली, सेल्डम, अनलेस, फेल्ड टु. यांत 'नो' नाही, 'नॉट' नाही, तरी अर्थ नकाराचाच. तू शेपटीची वाट बघत बसतोस आणि जनावर निघून गेलेलं असतं.

आणखी एक. एखादं वाक्य ऐकू आलं नाही, तर 'हो'वर खूण करून मोकळा होऊ नकोस. घाबरलेली मुलं हमखास तसंच करतात.

फोन करू नकोस. दुकानातला फोन गिऱ्हाइकांसाठी असतो आणि मला जिना उतरून जाईपर्यंत दम लागतो. पत्र लिही. इकडे काही बिघडलेलं नाही, काळजी करू नकोस.

तुझी ताई


ता. २२ जानेवारी

ताईस, सहा फुटांवरून खाली वाकून नमस्कार.

पहिल्याच कॅसेटीत सपशेल आपटलो. बाई म्हणते, 'आय कुडन्ट अग्री मोअर.' मी लिहिलं, बाईला पटलेलं नाही; उत्तर निघालं, अगदी पुरतं पटलंय. पुरुष म्हणतो, 'आय कॅन हार्डली वेट.' मी लिहिलं, याला थांबायला वेळ नव्हता म्हणून हा निघून गेला; तो तर आतुरतेनं वाट बघत होता. आमचा स्टोअरकीपर म्हणतो, तू तिकडे गेलास की साहेब पहिल्याच दिवशी तुझं कौतुक करेल आणि तू त्याच्या हातात राजीनामा ठेवशील.

पण खरं सांगू? माझं लक्ष शब्दांवर राहतच नाही. आमच्या धंद्यात माणूस काय बोलतो ते कानाआड करायचं आणि मागचा आवाज ऐकायचा. लोक सांगतात, दार अडकतंय. आपण वर मशीनरूममध्ये जाऊन उभं राहावं, तर दोर पुलीवर घसरत असतो. माणूस चुकीचं सांगतो, मशीन चुकीचं सांगत नाही.

त्याच कानांनी तुझी कॅसेट ऐकली. दाजींचं वाक्य संपतं. मग 'टक' असा बारीक आवाज येतो. आणि त्यानंतरच तू बोलतेस. कॅसेटभर हेच. टक झाल्याशिवाय तू एकदाही तोंड उघडलेलं नाहीस. शिवाय दाजी मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलतात, जणू कोणाला दटावताहेत. तुझा आवाज मात्र कधी नको तितका चढलेला, कधी पार खाली गेलेला. तुझा आवाज असा नव्हता, ताई. शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकी उघडून तुझ्या कविता ऐकायची.

ते टक काय आहे? आणि फोन का नको? गेल्या उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी बोलत होतो आपण. तेव्हा जिना चढून-उतरून तुला दम लागत नव्हता.

तुझा, टिल्लू


ता. २ फेब्रुवारी

टिल्लूस,

तुझी गत काखेत कळसा नि गावाला वळसा. उत्तर समोरच्या शब्दांत असतं आणि तू टेबलाखाली शोधतोस. ते टक म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा पाय. लंगडा आहे. दाजी कोपर टेकतात आणि तो वाजतो. झालं समाधान?

आता अभ्यासाचं. नकार कानावर पडला की तू लगेच वाईट अर्थ काढतोस, ही तुझी खरी अडचण. 'यू कान्ट मिस इट' म्हणजे काही चुकणार नाही, सहज सापडेल. 'नॉट बॅड अॅट ऑल' म्हणजे छानच. 'शी डिडन्ट लीव्ह अनटिल सिक्स' म्हणजे ती गेली, पण सहानंतर. परीक्षेत मुद्दाम असे पर्याय देतात, की नकाराचा शब्द ऐकून घाईनं धावणारा खड्ड्यात पडावा. आधी पूर्ण ऐक, बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते ठरव आणि मग खूण कर.

दुसरी कॅसेट सोबत आहे. ही थोडी अवघड आहे. दोन माणसं भांडताहेत असं वाटेल, पण भांडत नाहीत.

मला काही कमी नाही. तुझं जेवणखाण वेळेवर होतं ना? मशीनरूममध्ये एकटा जात जाऊ नकोस.

ताई


ता. १६ फेब्रुवारी

ताईस,

दुसऱ्या कॅसेटीत बरे गुण पडले. पण हे पत्र त्यासाठी नाही.

दुसरी बाजू संपल्यावर तुम्ही मशीन बंद करायला विसरलात. मी टेप शेवटपर्यंत चालू ठेवली, कारण तशी मला खोडच आहे. बराच वेळ नुसती खरखर आहे. मग दाजींचा आवाज येतो, मराठीत. "माझ्याकडे बघ." मग पुन्हा, "मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, किती वेळा सांगू?" मग तुझा आवाज, रडवेला. "चुकलं." आणि खटकन बंद.

मी ते परत परत ऐकलं. स्टोअरकीपरलाही ऐकवलं. तो म्हणाला, नवरा-बायकोच्या मधे पडू नकोस. पण त्याचा चेहरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला. तू नको म्हणाली होतीस तरी केला. दाजींनीच उचलला. मी म्हटलं, ताईला द्या. म्हणाले, "ती आहे वर. पण फोनवर येणार नाही." मी विचारलं, येणार नाही, की तुम्ही येऊ देणार नाही? थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग फोन ठेवला गेला.

नकार वेष बदलून येतो, हे तूच शिकवलंस. म्हणून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. 'काही बिघडलेलं नाही.' 'मला काही कमी नाही.' मी मजेत आहे, असं साधं सरळ वाक्य तू एकदाही लिहिलेलं नाहीस. ताई, कुठंतरी पाणी मुरतंय. भिंत कोरडी आहे असं तू मला सांगू नकोस.

टिल्लू


ता. २५ फेब्रुवारी

टिल्लू,

आई गेल्यावर तुझं नाक पुसत मी तुला वाढवलं. आता तू माझ्या संसाराची तपासणी करणार काय? लिफ्टचं इन्स्पेक्शन असतं तसं? वर्षातून एकदा येऊन सही ठोकून जाशील?

टेपवर तू जे ऐकलंस तो सराव होता. सरावात मी आधी बोलून घाई करते, म्हणून ते थांबवतात. संपलं. त्या मुलखाच्या अबोल माणसानं मला आजवर एक वाईट शब्द वापरलेला नाही. चांगला तरी कुठं वापरला म्हणा. माझ्याशी बोलायचं म्हणजे त्यांना कामच वाटतं हल्ली. खाली दुकानात गिऱ्हाइकांशी हसणं-खिदळणं चालू असतं, मी जिन्यात दिसले की सगळे गप्प. काय एवढं बोलत असतात कोण जाणे. पण तो माझा प्रश्न आहे, तुझा नाही. खरं तर हे मी लिहायलाच नको होतं. खोडत बसत नाही, कागद खराब होतो.

तू संशयाचं भूत मानेवर बसवून घेतलं आहेस आणि परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. तिसरी कॅसेट पाठवते. तिच्यात 'अनलेस' आणि 'इव्हन इफ' पुष्कळ आहेत. मन लाव. तू गेलास की मला सुटल्यासारखं वाटेल.

ताई


ता. १० मार्च

ताईस,

'तू गेलास की मला सुटल्यासारखं वाटेल.' हे वाक्य लिहिताना तुझ्या बाजूला कोण उभं होतं?

स्टोअरकीपरची बायको माहेरी जाताना तुमच्या गावावरून गेली. मीच तिला म्हटलं होतं, जाता जाता माझ्या ताईकडे डोकावून या. ती सांगत होती ते जसंच्या तसं लिहितो. तिनं बेल वाजवली. खूप वेळ वाजवली. तू खिडकीत दिसत होतीस, पाठमोरी, कपड्यांच्या घड्या घालत. तिनं हाक मारली, खिडकीची काच वाजवली. तू मान वळवली नाहीस. मग दाजी दुकानातून वर आले, त्यांनी दार उघडलं आणि ती तिथं होती तोवर तुझ्या शेजारून हलले नाहीत. तिनं तुला काही विचारलं की तू आधी त्यांच्याकडे बघायचीस. ते पुन्हा तुला काहीतरी सांगायचे आणि मगच तू उत्तर द्यायचीस. "तुमची बहीण नवऱ्याला विचारल्याशिवाय 'बसा'सुद्धा म्हणत नाही हो," असं ती म्हणाली.

दार न उघडायला तुला कोणी बजावलं आहे? मला आता कोणाचं काही ऐकायचं नाही. तुझ्या क्लासच्या मोठ्या बाईंना मी परवा पत्र टाकलं आहे. त्यांना विनंती केली आहे, की माझ्या बहिणीला नवऱ्याच्या माघारी, एकटीला गाठून विचारा, तुला घरात मारहाण होते का. तू रागावशील. रागाव. पण निदान त्यांना तरी खरं सांग.

आणि परीक्षेचं म्हणशील, तर तुझा आवाज फोनवर, टक न वाजता, माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. तुला अशा ठिकाणी टाकून मला समुद्रापार जायचं नाही.

टिल्लू


ता. २४ मार्च

प्रिय मेहुण्यास,

मी पत्रं लिहीत नाही. पावतीपलीकडे काही लिहिल्याचं मला आठवत नाही. तेव्हा चुका पोटात घाल.

तुझ्या ताईला ऐकू येत नाही. डाव्या कानानं मुळीच नाही. उजव्यानं, समोरचा जवळ बसून सावकाश बोलला तर थोडं. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, गेल्या उन्हाळ्यात फार वाढलं. डॉक्टर म्हणतात नस सुकत चालली आहे, औषध नाही. यंत्र लावून पाहिलं. त्यानं आवाज मोठा होतो, शब्द कळत नाहीत. ती ओठ बघून समजते. फोनला ओठ नसतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही समोरासमोर बसतो. तिनं माझ्याकडे बघितलं तर तिला कळतं, कागदात बघितलं तर चुकतं. म्हणून 'माझ्याकडे बघ'. माझं वाक्य संपलं की मी बोटानं टेबल वाजवतो. तिचा तळहात टेबलावर असतो, तिला ते हाताला लागतं. ती आधी बोलली की दोघांची वाक्यं एकमेकांवर चढतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्या दिवशी बऱ्याचदा तसं झालं होतं. मी आवाज चढवला, हे खरं.

आता झालं ते सांगतो. क्लासच्या मोठ्या बाई परवा दुपारी तिच्या वर्गात गेल्या. ती फळ्यावर लिहीत होती. त्यांनी मागून हाक मारली, पुन्हा मारली. ती लिहीतच राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं खूण केली तेव्हा वळली. मग बाईंनी तिला खोलीत नेलं आणि तुझ्या पत्रातलं विचारलं. विषय असा, की बाई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत. मान खाली घालून, टेबलावरचे कागद सारखे करत विचारत राहिल्या. तिला ओठ दिसेनात. कळलं नाही की ती 'हो' म्हणते. लोक पुन्हा विचारत नाहीत, म्हणून तिला ती सवयच लागली आहे. बाईंच्या सगळ्या प्रश्नांना तिनं हो म्हटलं.

संध्याकाळी बाई दोन मास्तरांना घेऊन दुकानात आल्या. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मला विचारलं, बायकोवर हात टाकता काय? मी नाही म्हटलं. पण हात टाकणाराही नाहीच म्हणतो. त्यामुळे माझ्या बोलण्याचा उपयोग झाला नाही.

तुझी ताई वरून आली. सगळ्यांचे चेहरे बघून तिला काहीतरी वेगळं आहे एवढं कळलं. मी तिला कागदावर लिहून दाखवलं. ते वाचून ती सगळ्यांसमोर ओरडून म्हणाली, मला ऐकू येत नाही, तुम्ही काय विचारलंत ते मला कळलंच नव्हतं. तिला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून रस्त्यापर्यंत गेला. जी गोष्ट तिनं दोन वर्षं झाकून ठेवली, ती तिला माझ्यासाठी भर दुकानात उघड करावी लागली.

तिचा वर्ग काढून घेतला आहे. ऐकण्याच्या परीक्षेचा वर्ग बहिरी बाई घेते, असं पालक म्हणतील, असं बाई म्हणाल्या. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

तुला कळू द्यायचं नाही, हे तिनंच ठरवलं होतं. कळलं तर तू जाणार नाहीस, म्हणाली. म्हणून फोनवर तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो. मला पटकन खोटं सुचत नाही.

परीक्षा दे. हे पत्र मी तिला न सांगता लिहिलं आहे.

तुझे दाजी


ता. ३० मार्च

ताई,

काय लिहू? मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. इथं तर चोरही नव्हता.

स्टोअरकीपरला सांगितलं तर तो नुसता पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मशीनचा खडखड आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणून सांगणारा मी. माझ्या बहिणीचे कान गेले, आणि कॅसेटभर तेच वाजत असताना मला मारकुटा नवरा ऐकू आला.

परीक्षा देत नाही. साहेबांना तसं सांगणार आहे. या शनिवारच्या गाडीनं तिकडे निघतो. बाईंच्या पाया पडेन, दाजींच्या पडेन, तुझा वर्ग परत मिळवून देईन. नाही मिळाला तर तिथंच कुठंतरी लिफ्टचं काम बघेन आणि तुमच्याजवळ राहीन.

टिल्लू


ता. ५ एप्रिल

टिल्लू,

येऊ नकोस. तुझं पत्र शनिवारच्या आधी माझ्या हातात पडलं, हे नशीब. उत्तर वेळेत पोचणार नाही म्हणून तुझ्या कंपनीत तार केली आहे. ती मिळालीच असेल. दाजींनी तुला पत्र लिहिलं, हे मला तुझ्याकडूनच कळलं. विचारलं तर म्हणाले, "लिहिलं." बस्स.

मी तुझ्यावर रागावले आहे. गोड बोलून हा राग जायचा नाही. दुकानात ती माणसं दाजींकडे कशी बघत होती ते तू पाहिलेलं नाहीस. हातात अर्धी ठोकलेली चौकट घेऊन ते उभे होते. माझ्या बाजूनं लढायला तू निघालास आणि जो माणूस समोर बसून माझ्यासाठी दिवसभर तेच तेच बोलतो, त्याच्याच डोक्यात काठी घातलीस.

मारहाणीचं विचारलंस. फोन करू देत नाहीत काय विचारलंस. दार उघडायला बंदी आहे काय विचारलंस. तुझे सगळे प्रश्न त्यांच्याबद्दल होते. ताई, तुला काय होतंय, असा साधा प्रश्न तू एकदाही केला नाहीस. केला असतास तरी मी काही नाही म्हटलं असतं, ते जाऊ दे. पण करायचा तरी होतास.

माझंही चुकलं. लपवायचं एक झालं की त्याला टेकू द्यायला दहा खोटी वाक्यं लागतात. टेबलाचा पाय लंगडा नाही. आणि संशय घेण्यात मीही तुझीच बहीण. ऐकू येईनासं झालं की चार माणसं हसताना दिसली तरी वाटतं, हसताहेत ते आपल्यालाच. मी जिन्यात दिसले की दुकानातले गप्प होतात, असं मी तुला लिहिलं होतं. परवा दाजींना विचारून टाकलं. ते म्हणाले, गप्प होत नाहीत. तू आलीस की तुझ्याकडे तोंड वळवून हळू बोलायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, म्हणून आधी थांबतात. वर्षभर मी त्या थांबण्यावरून मनात काय काय रचलं होतं, ते तुला सांगण्यासारखं नाही.

ऐकण्याच्या बाबतीत आपल्या घरात आता तुझेच कान शिल्लक आहेत. ते घेऊन त्या हॉलमध्ये जा. तू परीक्षा बुडवलीस, तर मी सगळ्यांसमोर ओरडले ते फुकट गेलं असं समजेन. मग तुला माझ्या दारात उभं करणार नाही. हे नकाराचं वाक्य आहे, नीट ऐक.

ताई


ता. ४ मे

ताईस,

तार मिळाली होती. परीक्षा दिली. काल निकाल लागला, पास झालो. जूनच्या अखेरीस निघायचं आहे.

हॉलमध्ये समोरच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला होता. टेप सुरू झाली आणि सवयीप्रमाणे माझे कान मागच्या खरखरीकडे गेले. पहिला प्रश्न तसाच हातचा गेला. मग मनात म्हटलं, मागे काही नाही. ही बाई बोलतेय, तिला काय म्हणायचंय तेवढं ऐक. त्यानंतर बरं जमलं. एका प्रश्नात पुरुष म्हणतो, 'आय वुडन्ट हॅव मॅनेज्ड विदाऊट हर.' बाजूचा उमेदवार 'जमलं नाही'वर खूण करताना मी पाहिला. मी 'जमलं'वर केली. एका वाक्याला मात्र खोकला आला कोणालातरी आणि ते गेलंच. मी तिथं खूण केली नाही. कोरं सोडलं.

दाजींना वेगळं पत्र टाकलं होतं, चार पानी. त्यांचं उत्तर आलं, 'पोचलं. फ्रेम पाठवतो, परीक्षेचं प्रमाणपत्र लावायला.' वाचून मला रडू आलं, खरंच सांगतो.

क्लासच्या बाईंना मी काही लिहिलेलं नाही. आता तुझ्या माघारी तुझ्याबद्दल कोणालाच काही लिहिणार नाही.

साहेबांना कागदपत्रं देताना नवे फोटो काढले, त्यातला एक सोबत ठेवला आहे. तू मला बऱ्याच दिवसांत पाहिलं नाहीस.

आणि आता जे आधी विचारायला हवं होतं ते. ताई, तुला काय हवं आहे? दाजींबद्दल नाही, वर्गाबद्दल नाही. तुला. निघण्याआधी मला आठ दिवसांची रजा आहे.

टिल्लू


ता. १२ मे

चिरंजीव टिल्लूस, जवळ येशील तेव्हाची टपली राखून ठेवली आहे.

निकाल वाचून मी दाजींना हाक मारली. किती मोठ्यानं मारली ते मला ठाऊक नाही, पण ते जिना दोन-दोन पायऱ्या चढत आले, म्हणजे पुरेशी मोठी असावी.

बाईंनी मध्यंतरी बोलावलं होतं. या वेळी समोर बसून, तोंड वर करून बोलल्या. प्रश्न मी घरी बसून तयार करायचे आणि रेकॉर्डिंगला दाजींबरोबर दुसरी बाई बसणार, असं ठरलं आहे. ती बाई येते, दोघं वाचतात, एका झटक्यात कॅसेट तयार होते. कुणी कुणाला थांबवत नाही. मी शेजारच्या खोलीत भाजी चिरत बसते आणि मला जळायला होतं. तिच्यात काही खोट नाही, बिचारी चांगली आहे. तरी जळायला होतं. तुला सांगितलं, आता कोणाला सांगू नकोस.

तू विचारलंस मला काय हवं. दोन दिवस विचार केला. कान हवेत असं लिहून काय उपयोग? ते तुझ्या हातात नाही. नवं यंत्र नको, त्यानं नुसता गोंगाट होतो. सहानुभूती तर मुळीच नको.

आठही दिवस इथं ये. सकाळच्या उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बस आणि बोल. लिफ्टबद्दल बोल, स्टोअरकीपरबद्दल बोल, मला शिव्या घाल, काहीही चालेल. मला नाही कळलं तर मी हो म्हणणार नाही, पुन्हा सांग म्हणेन. तू कंटाळू नकोस. परदेशी गेलास की पत्रं लिहिशीलच, पण तुझं बोलणं मला परत केव्हा मिळेल कोण जाणे.

फोटो पाहिला. मिशा ठेवल्यास. दाजी म्हणतात, शोभतात. पण त्या वरच्या ओठावर पार उतरल्या आहेत. येशील तेव्हा काढून ये. मला तुझे ओठ दिसले पाहिजेत.

ताई